जनामावशीची जमनोत्री

जनामावशीला भात कानानं कळत असे. झाकण न उचलता पातेल्याशी कान नेऊन ती म्हणायची, "अजून दोन मिनिटं," आणि घड्याळ लावून बघितलं तर दोनच मिनिटं निघायची. लहानपणी हे मी शाळेत सांगितलं तर मैत्रिणींनी मला थापाडी ठरवलं. पुढे मोठेपणी मी एकदा खरोखरच खोटं बोलले, तेव्हा मात्र साठ माणसांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. त्या खोट्याबद्दलच लिहायला बसले आहे, पण आधी जनामावशी कोण ते सांगायला हवं.

ती आमची स्वयंपाकीण. मूळची इंदूरजवळच्या बेटम्याची. नवरा तिथल्या एका देवळात पुजारी होता. तो तापानं गेला तेव्हा ही एकोणीस वर्षांची. दिरांनी तिचे केस उतरवले, लाल आलवण नेसवलं आणि वर्षाच्या आत इंदुरात कुणाकडे तरी स्वयंपाकाला लावून दिलं. दोन-तीन घरं फिरून ती आमच्याकडे, जामगावकरांकडे आली आणि एकतीस वर्षं राहिली. माझा जन्म तिच्या देखत झाला.

स्वभाव गोड वगैरे नव्हता. ती सोवळ्यात असताना कुणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला पाय लावला तर दिवसभर धुसफुसायची. तपकीर ओढायची आणि ओढत नाही म्हणून सांगायची. भाजीवालीशी माळवीत भांडायची, दूधवाल्याशी हिंदीत, आणि आमच्याशी या सगळ्याच्या खिचडीत. मी मुलींच्या शाळेत नोकरीला लागल्यापासून तिनं माझं नाव टाकूनच दिलं, 'मास्तरीण' म्हणायला लागली. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी नीट कळलं नाही. पण मला ताप आला की उशाशी तीच असायची. आईला घरच्या मोठेपणाची व्यवधानं फार होती, त्यामुळे माझ्या डोक्याला तेल लावलं ते जनामावशीनं, आणि परीक्षेच्या दिवशी हातावर दही ठेवलं तेही तिनंच.

तिचे डोळे बारा महिने लाल असायचे. आमच्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता आणि लाकडं बाभळीची. फुंकणीनं चूल फुंकता फुंकता ती म्हणायची, "सगळा जन्म दुसऱ्याच्या चुलीत तोंड घालून गेला." हे ती रडून सांगत नसे, वैतागून सांगत असे.

मी शाळेत होते तेव्हा एकदा सांवेरची एक म्हातारी बाई आमच्या ओसरीवर टेकली. जमनोत्रीची, म्हणजे यमुनोत्रीची, यात्रा करून आली होती. तिनं जनामावशीच्या तळहातावर चिमूटभर वाळलेला भात ठेवला आणि सांगितलं की, वर हिमालयात, बर्फाच्या पायथ्याशी, उकळत्या पाण्याचं कुंड आहे. फडक्यात तांदूळ बांधून दोरीनं आत सोडायचे. "नी लाकड़ी, नी चूलो. भात आपे-आप सीजी जाय, बाई."

ती चिमूट जनामावशीनं देवाजवळ ठेवली आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. कुणीही न रांधलेला भात एकदा खायचा. पोथीत सांगितलेलं पुण्य, यमाचं भय, यातलं तिला काही नको होतं. आई थट्टेनं म्हणायची की, लोक मोक्ष मागायला यात्रेला जातात, आमची जना भात मागायला जाणार. जनामावशी म्हणायची, मोक्ष तुम्ही घ्या वहिनी, मला भात पुरे.

माझे वडील, अप्पासाहेब, होळकरांच्या खासगी खात्यात होते. सकाळी सात वाजल्यापासून आमच्या ओट्यावर पाहुण्यांच्या वहाणांची रांग लागायची. अठ्ठेचाळीस साली संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, आणि अप्पा घरी बसले. आता सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला असे. माझा भाऊ शरद सेक्रेटरिएटात कारकून होता, तो फायलींबरोबर सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे हेलपाटत असे. आमचा ओटा मात्र ओकाबोका पडला. ज्यांची कामं अप्पांनी केली होती ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं जायला लागले. त्याच सुमारास अप्पांचे गुडघे धरले. वैद्यांची तेलं झाली, शेक झाले, काठी काही सुटेना.

तेव्हा जनामावशीनंच म्हटलं की अप्पासाहेबांना जमनोत्रीला न्या, गरम कुंडात बसवा, सांधे मोकळे होतील. कल्पना तिची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण महिन्याभरात घरात ती अप्पांची कल्पना झाली होती.

अप्पा परक्याच्या हातचं खात नसत. यात्रेतही सोवळ्यातला स्वयंपाक हवा, म्हणजे जनामावशी हवी. आईनं तिला विचारलं तेव्हा तिनं लगेच हो म्हटलं नाही. आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "येते. पण एक वचन द्या, वहिनी. कुंडापर्यंत मला न्यायचं. माझे चावल मीच सोडणार, मेरे हाथ से. बीच में कुठं ठेवून पुढे जाणार नाही, असं म्हणा."

आई म्हणाली, एवढंच ना. पण जनामावशी जागची हलेना. मग आई देवघरात गेली. आमचं कुलदैवत खंडोबा. आईनं देव्हाऱ्यातला बेल आणि भंडार उचलला आणि शब्द दिला. बेल-भंडार उचलून दिलेला शब्द आमच्या घरात कुणी मोडल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. मी दारात उभी होते.

त्रेपन्न सालच्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. शाळेला सुट्टी होती म्हणून मी बरोबर. शरदला रजा नव्हती; त्यानं आपले जुने कॅनव्हासचे बूट जनामावशीला दिले. ते तिला दोन बोटं मोठे होते, तिनं पुढे चिंध्या कोंबल्या. आगगाडी झाली, मोटार झाली, आणि टिहरीपुढे पायवाट लागली. अप्पा डांडीत, म्हणजे चार माणसांनी खांद्यावर न्यायच्या खुर्चीत. आई कंडीत, एका माणसाच्या पाठीवरच्या टोपलीत, दरीकडे पाठ करून आणि डोळे गच्च मिटून. मी आणि जनामावशी चालत.

वाटेत दर चार-पाच मैलांवर चट्टी असे. चट्टी म्हणजे यात्रेकरूंचा मुक्काम. तिथल्या दुकानदाराकडून आटा-तांदूळ घेतले की तो राहायला पडवी आणि शिजवायला भांडी देई. बाकीचे यात्रेकरू चार दगड मांडून पोळ्या भाजत आणि गाणी म्हणत झोपून जात. आमचं तसं नव्हतं. आमची भांडी वेगळी, पाणी वेगळं, सारवलेली जागा वेगळी. जनामावशी पहाटे झऱ्यावर आलवण भिजवून, पिळून, तसंच ओलं नेसून चुलीपुढे बसायची. चीडच्या झाडाची लाकडं ओली, धूर काळा. आमची जेवणं उरकली की भांडी घासून, टोपली कुलीच्या पाठीवर बांधून, ती आमच्या आधी निघायची, कारण पुढच्या चट्टीवर अप्पांची डांडी टेकेल तेव्हा वरण-भात तयार हवा. मी जितकं चालले तितकंच ती चालली, आणि वर दोन वेळचा स्वयंपाक. हा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी सुचला. त्या वेळी मला देवदार दिसत होते, धबधबे दिसत होते, आणि शाळेत सांगायला काय काय मिळालं याचा आनंद होता.

पण खरं सांगते, तिला मी इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती. वरून उतरणारा यात्रेकरू भेटला की ती वाट अडवायची. भात शिजतो ना? "सीज जाता है, माई." कच्चा तर नाही राहत? "नहीं, माई." मग पुढच्याला पुन्हा तेच. तिच्या कमरेला एक पांढऱ्या फडक्याची पोटली होती, त्यात मूठभर तांदूळ. बेटम्याहून पुतण्याकडून मागवलेले. खडे काढून, दाणा दाणा बघून बांधलेले. चढावर दम लागला की ती पोटलीवर हात ठेवून उभी राहायची. मला म्हणायची, "मास्तरीण, मी कुंडाला कान लावणार. बघते तरी, देव किती मिनिटं घेतो."

बाराव्या दिवशी आम्ही खरसालीला पोचलो. त्यापुढे गाव नाही. तीन-चार मैलांची उभी चढण आणि वर जमनोत्री. समोर बर्फ इतका जवळ दिसत होता की हात लावावा. डांडीवाल्यांचं म्हणणं पडलं की वाट अरुंद आहे, सकाळी लौकर चढायचं आणि दुपारी परत खाली यायचं, वर मुक्कामाला जागा धड नाही.

संध्याकाळी पडवीत बसून आई-अप्पांचं बोलणं चाललं होतं. सगळेच वर गेले तर भांड्यांचं काय, सोवळ्याच्या पाण्याचं काय, दुकानदारानं हात लावला तर पुढे गंगोत्रीच्या वाटेवर महिनाभर वापरायची कशी. शिवाय अप्पा थंडीनं काकडून परत येणार, त्यांना तेव्हा गरम अन्न लागणार. अप्पा म्हणाले, "वर भात आपला आपण शिजतो म्हणता ना? मग वर स्वयंपाकीण कशाला? स्वयंपाकीण हवी ती खालीच."

आई हसली. मीही हसले. विनोद तसा बरा होता. कुडाच्या पलीकडे जनामावशी डाळ निवडत होती. सुपातल्या डाळीचा आवाज थांबला आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला.

मग आई तिच्याकडे गेली. उद्याचा दिवस तू खाली थांब, परवा आपण इथेच मुक्काम करू, तुला बरोबर माणूस देते, घाईगर्दी नाही, निवांत आंघोळ कर, असं आईनं समजावलं.

"वहिनी, बेल उचललाय तुम्ही," जनामावशी म्हणाली.

आईला राग आला. मी नेत नाही असं म्हटलं का, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, असं ती म्हणाली. आणि एवढी घाई असेल तर पोटली दे, मीच सोडते कुंडात. जनामावशीनं पोटलीवर हात ठेवला आणि मान हलवली. मग माझ्याकडे वळली. "परवा जाऊ ना, मास्तरीण?"

मी म्हटलं, "जाऊ. मी येईन तुझ्याबरोबर." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो. वाट खरोखरच भिंतीसारखी होती. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खोल नदी, आणि मधून वाहणारा बर्फाचा वारा. शेवटच्या वळणावर वाफ दिसली. कुंड लहानसंच होतं, पण आत पाणी रागावल्यासारखं खदखदत होतं. पंड्यानं आमच्या पोटल्या दोरीनं आत सोडल्या. मी जनामावशीसाठी मनगटावरचं घड्याळ लावलं. पंधरा मिनिटं. भात खरं म्हणजे वाईट शिजला होता, बाहेरून गिच्च आणि आतून कणी. जनामावशीनं असा भात कुणी पुढ्यात ठेवला असता तर ताट सरकवलं असतं.

खालच्या कुंडात अप्पा अर्धा तास बसले. बाहेर आले आणि काठी न घेता उभे राहिले. पाच वर्षांत मी त्यांना असं ताठ उभं पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आईच्या आलं, माझ्याही आलं. जनामावशीची आठवण त्या वेळी आम्हा तिघांपैकी कुणालाही झाली नाही.

खाली उतरलो तर आसन मांडलेलं, पाणी गरम, वरण-भात, वर तूप. अप्पा दोनदा भात मागून जेवले. जनामावशीनं मला फक्त एकच विचारलं, किती वेळ लागला. मी सांगितलं पंधरा मिनिटं, आणि लहानसं कुंड, रागावल्यासारखं खदखदणारं पाणी, बाहेरून गिच्च नि आतून कणी राहिलेला भात, हेही सांगितलं. ती हसली. "नवा आहे देव. मी गेले की शिकवते त्याला."

त्या रात्री ढग आले. सकाळी डांडीवाले म्हणायला लागले की पाऊस लागला तर वाट बंद होईल, आजच निघू या. अप्पांना ज्येष्ठातल्या गंगा दसऱ्याला गंगोत्री गाठायची होती. एका माणसासाठी दिवस घालवला तर दसरा चुकेल, असं त्यांचं म्हणणं. आई हळू आवाजात म्हणाली, मी शब्द दिलाय. अप्पा म्हणाले, शब्द यात्रेचा दिला होता, यात्रा झालीच की, इथवर आली, धामाचा वारा लागला. आई अंथरुणं गुंडाळायला लागली. मला म्हणाली, तू सांग तिला.

मी नाही सांगितलं. मी बूट शोधायचं निमित्त करून आत गेले. आईलाच जावं लागलं.

जनामावशी पायरीवर बसली होती, वरच्या वाटेकडे तोंड करून. केव्हाची न्हाऊन तयार होती. कोरडं आलवण, कमरेला पोटली, पायात शरदचे बूट, चिंध्या नीट कोंबलेल्या. आईचं बोलणं तिनं ऐकून घेतलं. भांडली नाही. आयुष्यभर कोथिंबिरीच्या जुडीवरून भांडणारी बाई, त्या दिवशी भांडली नाही. म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी एकटीच वर जाऊन येते, संध्याकाळपर्यंत तुम्हाला गाठते. मला चालता येतं.

आई म्हणाली, "आणि आजचा स्वयंपाक?"

जनामावशी उठली आणि टोपलीत भांडी भरायला लागली. आम्ही खाली उतरलो. मी मुद्दाम मागे राहिले, तिच्याजवळ जाऊन काहीतरी बोलावं म्हणून; पण ती नेहमीप्रमाणे पुढे निघून गेली होती. संध्याकाळी चट्टीवर तिनं कमरेची पोटली सोडली आणि ते तांदूळ आमच्या तांदळात ओतले. मी बघत होते. त्या दिवशीचा भात खालून लागला. अप्पांनी ताटावरून विचारलं, आज काय झालं, जना? ती म्हणाली, लक्ष नव्हतं.

गंगोत्री झाली, आषाढात आम्ही इंदुरात परतलो. यात्रेची हकीगत ऐकायला लोक यायला लागले. अप्पा काठी न घेता दारापर्यंत जाऊन त्यांना आत आणत. ओट्यावर पुन्हा वहाणा दिसायला लागल्या. आणि आई प्रत्येकाला सांगायला लागली, "आमच्या जनालाही घडवली बरं का जमनोत्री. स्वतःच्या हातानं तांदूळ सोडले तिनं कुंडात." बायका म्हणत, मालकीण असावी तर यशोधराबाईंसारखी. जनामावशी आत पोळ्या लाटत असे. तिला ऐकू जात नव्हतं असं आईला वाटणं शक्य नाही, कारण त्या घरात सगळ्यांत तिखट कान तिचेच होते.

मी एकदा आईला म्हटलं, असं का सांगतेस? ती म्हणाली, मग काय सांगू? बेल उचलून शब्द मोडला म्हणून सांगू?

यात्रा करून आलं की आमच्यात मावंदं घालतात. गंगेच्या गडूची पूजा होते, यात्रेकरूंना पाटावर बसवून नातेवाईक त्यांचे पाय धुतात, आणि मग पंगत. आमचं मावंदं साठ पानांचं झालं. स्वयंपाक अर्थातच जनामावशीचा. समोरच्या दालनात अप्पा, आई आणि मी पाटावर बसलो. चौथा पाट मांडलेला होता. गुरुजींनी विचारलं, तो कुणाचा? आई म्हणाली, आमच्या जनाबाईचा. कुणीतरी कुजबुजलं की विधवेला पाटावर कसं बसवायचं. गुरुजी म्हणाले, तीर्थाहून आलेल्या माणसाला तसं काही बघत नाहीत. आईच्या मोठेपणाचं पुन्हा एकदा कौतुक झालं.

जनामावशी पदराला हात पुसत बाहेर आली. पुरुषमाणसं बसलेल्या दालनात ती एकतीस वर्षांत कधी आली नव्हती. पाटापाशी उभी राहिली आणि म्हणाली, मी बसत नाही. लोकांना तो विनय वाटला. एका म्हातारीनं तिचा हात धरून ओढलं. तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं.

"सुमनला विचारा," ती म्हणाली. "ती होती तिथं. सांग सुमन, मी गेले होते का वर?"

किती वर्षांनी तिनं मला नावानं हाक मारली होती. सगळे माझ्याकडे वळले. आई माझ्याकडे बघत नव्हती, ती गडूतल्या पाण्याकडे बघत होती. अप्पांचे पाय परातीत होते, आणि खासगी खात्यातले जुने लोक, ज्यांनी पाच वर्षं आमच्या दाराकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, ते त्यांच्यासमोर हात जोडून बसले होते. अप्पांचा चेहरा त्या दिवशी पूर्वीसारखा दिसत होता. तो चेहरा माझ्या एका शब्दानं पडणार होता. ही कारणं मी स्वतःला खूप वेळा सांगितली आहेत. खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

"हो," मी म्हटलं. "गेली होती."

जनामावशी माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मग पाटावर बसली आणि पाय पुढे केले. टाचांना खोल भेगा होत्या, उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. लोकांनी त्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. ती मान खाली घालून बसली होती. सगळं उरकल्यावर ती उठली, आत गेली, आणि पंगतीला वाढायला लागली, कारण वाढायला दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी लख्ख घासून, चूल सारवून ती धारच्या मोटारीनं बेटम्याला निघून गेली. आईला म्हणाली, आता डोळ्यांना दिसत नाही. आई आठवडाभर म्हणत होती की पुण्य केलं आणि अंगाशी आलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी बेटम्याला गेले. देवळामागच्या एका खोलीत ती राहत होती. मला बघून रागावली नाही, आनंदली नाही. बस म्हणाली आणि चूल पेटवली. तेवढ्यात शेजारची एक बाई तान्हं मूल घेऊन आली, ते जनामावशीच्या पायांवर घातलं आणि म्हणाली, "काकी, म्हारी सासू के बी बताओ नी, कुंड में भात कैसे सीजे." दारात तिची सासू उभी होती.

जनामावशीनं सांगितलं. कुंड लहानसंच आहे, पण पाणी रागावल्यासारखं खदखदतं. दोरीनं पोटली सोडायची. पंधरा मिनिटं लागतात. बाहेरून गिच्च होतो, आतून कणी राहते. सगळं मी सांगितलेलं. सांगताना तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दोघी पाया पडून गेल्या.

मला बसवेना. मी म्हटलं, वैशाखात मी रजा काढते, आपण दोघीच जाऊ, डांडी नाही, कंडी नाही, आणि सोवळंही नाही. वाटेत स्वयंपाक मी करीन.

ती चुलीत लाकूड सरकवत म्हणाली, "आता कशी जाणार? साठ माणसांनी माझे पाय धुतले. गाव पाया पडतं. जाऊन आलेली बाई परत निघाली तर लोग पूछेंगे ना, पहिल्यांदा कुठं गेली होती? मग तू खोटी पडशील. मास्तरीण आहेस तू, लोकांच्या मुली शिकवतेस."

"पडू दे खोटी," मी म्हटलं.

"हे त्या दिवशी म्हणायचं होतं," ती म्हणाली आणि माझं ताट मांडलं.

तीन वर्षांनी, मध्यभारत मोडला त्या हिवाळ्यात, ती गेली. तिच्या तेराव्याला मी बेटम्याला गेले. अंगणात बसलेली माणसं तिच्याबद्दल बोलत होती. जमनोत्रीवाली काकी म्हणत होती तिला. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं की तुम्ही तर यात्रेत तिच्याबरोबर होता ना, मोठी भाग्याची बाई हो. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आता पाटावर अप्पा नव्हते, आई नव्हती, कुणाचा चेहरा पडणार नव्हता. मी मान हलवली आणि हो म्हटलं.